गोळी हरणाला भेटते तेव्हा : ठासणीच्या बंदुकीवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी पेनसिल्व्हेनियातल्या हरणाच्या सीझनवर दोन पानं लिहिली आणि जाता जाता म्हणून गेलो की "गोळी आधी तपासून घ्या, मग रानात जा", तर त्या एका वाक्यावर एवढ्या मेल आल्या की संपादक म्हणाले आता तुम्हीच निस्तरा. दोघातिघांनी "शिकार कसली करता, लाज वाटत नाही का" असंही विचारलंय, त्यांच्याशी वाद घालत नाही. इकडे अमेरिकेत सीझन ठरलेला, लायसन्स ठरलेलं, किती जनावरं मारायची ते टॅगवर ठरलेलं, आणि ज्याला तरी पटत नाही त्याने खुशाल पान उलटावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका ओळीत, मझललोडर म्हणजे आपली ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी, गजाने ठासायची, केप किंवा प्रायमर (दारू पेटवणारी बारीक टोपी) लावायचा आणि एक बार काढायचा, दुसऱ्या बारासाठी परत पहिल्यापासून. पुढे .50 दिसेल ती नळीची आतली रुंदी, म्हणजे अर्धा इंच, आणि ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप, त्याचा हिशोब खाली येतोय. म्हणजे हरणावर तुम्हाला एकच गोळी मिळते असं धरून चला, म्हणून तर ती तपासायची.

प्रश्न : .50 ची इनलाइन (नव्या धाटणीची मझललोडर) घेतली, 250 ग्रेनची पोकळ टोकाची गोळी साबोमध्ये घालून, पावडरचे 50-50 ग्रेनचे तीन पेलेट, म्हणजे दारूच्या तयार वड्या. मित्राच्या फार्मवर दुधाचे रिकामे कॅन पाण्याने भरून 10 यार्डावर ठेवले आणि मारली. पहिले दोन कॅन फुटून उडाले, तिसऱ्यात गोळीचं सालपट आणि शिशाचा चुरा. वजन केलं तर जेमतेम 140 ग्रेन. पाकिटावर तर "हरणासाठी उत्तम" लिहिलंय. गोळी बोगस आहे का? (ओहायोतून)

गोळी बोगस नाही हो, तुम्ही ती चुकीच्या ठिकाणी तपासली. साबो म्हणजे ती प्लॅस्टिकची वाटी, तिच्यात बसवलेली तुमची गोळी मुळात .45 च्या रिव्हॉल्व्हरसाठी बनलेली आहे, सेकंदाला 900-1000 फुटांनी जाणारी. तीन पेलेट म्हणजे 150 ग्रेन दारू, त्यावर ती नळीतून साधारण 2000 फुटांनी बाहेर पडते. 10 यार्डावर ती अजून तेवढ्याच मस्तीत असते, पाण्यावर आदळते, पोकळ टोकात पाणी घुसतं आणि ती आतून फाटते. बैलगाडीचं चाक मोटारीला लावून हायवेवर नेल्यासारखं झालं, चाकाचा काय दोष.

आता तुमच्याच मेलमध्ये पुढे आहे की तुमचा स्टँड, म्हणजे हरणाची वाट बघत बसायची जागा, सोयाबीनच्या शेताच्या कडेला आहे आणि हरणं 80 ते 120 यार्डावरून जातात. मग 10 यार्डावर काय बघताय? 100 यार्डाला पोचेपर्यंत हीच गोळी 1500 फुटांच्या आसपास उतरलेली असते आणि तिथे ती कदाचित अगदी शहाण्यासारखी वागेल. कॅन तिथे नेऊन ठेवा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, गोळी नळीतून निघताना कशी आहे याने हरणाला काही फरक पडत नाही, हरणाला ती भेटते तेव्हा कशी आहे ते बघा.

पद्धत सांगतो. गॅलनचे सहासात कॅन काठोकाठ भरून एकामागे एक, चिकटून, सरळ रांगेत, फळीवर. मागे मातीचा चांगला उंच बांध हवाच, नुसती झाडी म्हणजे बॅकस्टॉप नव्हे. कॅन साधारण सहा इंच रुंद असतो, म्हणजे कितव्या कॅनमध्ये गोळी सापडली त्यावरून अंदाज येतो, फक्त पाण्यातले इंच म्हणजे हरणातले इंच असं समजू नका, पाण्यात गोळी मांसापेक्षा बरीच लांब जाते आणि पोकळ टोकाची असेल तर जास्त जोरात उघडते. शिवाय हरणाची छाती म्हणजे काही पाण्याचा पिंप नाही, पुढे कातडी, बरगडी, मग फुप्फुसं, त्यात निम्मी हवा. मी पहिल्या कॅनच्या पुढे जुन्या लेदर जॅकेटचा तुकडा टांगतो, बायकोच्या मते ते जॅकेट अजून घालण्यासारखं होतं, तो विषय वेगळा.

प्रत्येक अंतरावर निदान तीन गोळ्या मारा कारण एक गोळी म्हणजे मटका. सापडलेली प्रत्येक गोळी धुऊन, पुसून, व्हर्नियरने रुंदी मोजा, ग्रेनच्या काट्यावर वजन करा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तारीख, अंतर, दारू लिहून ठेवा. लिहून ठेवाच, मी सुरुवातीला "लक्षात राहील" म्हणून ठेवलेल्या अकरा गोळ्या डब्यात पडल्यात आणि कुठली कसली ते देवालाच ठाऊक.

आणि यात एक फुकटची परीक्षा आहे जी कुणी सांगत नाही. हरणाचा हृदय-फुप्फुसाचा भाग म्हणजे आठेक इंचाचं वर्तुळ धरा, कॅन सहा इंचाचा. 100 यार्डावर बसून, टेकू घेऊन, पहिल्या बाराला तुम्हाला कॅन लागत नसेल तर गोळी उघडते की नाही हा प्रश्नच येत नाही, तुमचं अंतर 100 नाहीच, 75 असेल, 60 असेल. आणि तो पहिला बार स्वच्छ, थंड नळीतून काढलेला हवा, कारण रानात तसाच निघणार. रेंजवर चौथा-पाचवा बार छान एकत्र पडतात म्हणून खूश होणारे खूप बघितलेत.

100 वरसुद्धा ती फाटत असेल तर दोन रस्ते. एक, तिसरा पेलेट काढून टाका, 100 ग्रेनवर खांद्यालाही बरं आणि बहुतेक वेळा ग्रुपही सुधारतो, म्हणजे गोळ्या जास्त जवळजवळ पडतात. तीन पेलेटचं खूळ मला कधीच कळलं नाही, दारू वाढवली की हरीण जास्त मरत नाही. दोन, जास्त टणक, जाड जॅकेटची (वरच्या धातूच्या सालीची) किंवा पूर्ण तांब्याची गोळी घ्या. काहीही करा, बंदुकीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमाल मापाच्या वर जायचं नाही, आणि बिनधुराची आधुनिक स्मोकलेस पावडर साध्या मझललोडरमध्ये चिमूटभरसुद्धा नाही, नळी फुटते आणि हातही राहत नाही.

प्रश्न : नाताळनंतरच्या फ्लिंटलॉक सीझनसाठी .50 ची फ्लिंटलॉक (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी ठासणीची बंदूक) घेतली. मित्र हसतात, म्हणतात गोल गोळीने काय हरीण पडतं का, ती तर सशासाठी. खरंच पुरेशी आहे का? आणि ती तपासायची कशी, ती तर मुळात गोलच आहे. (पिट्सबर्गजवळून)

मित्रांना सांगा की या देशात कितीतरी पिढ्या गोल गोळीनेच हरणं पडत होती. .50 च्या नळीत .490 ची गोळी जाते, कापडाच्या तेलकट पट्टीत गुंडाळून, आणि ती भरते साधारण 177 ग्रेन. ग्रेन म्हटलं की आपल्याकडे चेहरे कोरे होतात म्हणून सांगतो, जुना तोळा म्हणजे बरोबर 180 ग्रेन, 11.66 ग्रॅम. म्हणजे गोल गोळी म्हणजे जवळजवळ तोळाभर शिसं. तोळाभर सोनं हातात घेतलेल्या कुठल्याही आजीला विचारा, वजन कळतं.

शक्तीचा प्रश्न नाही, प्रश्न आहे ती शक्ती किती लवकर संपते त्याचा. गोल आकार हवेला सगळ्यात वाईट. 1900 फुटांनी निघालेली गोळी 100 यार्डाला 1100-1200 वर आलेली असते, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते त्यामुळे ती निम्म्यापेक्षाही खाली जाते. टोकदार लांब गोळीला हा त्रास खूप कमी.

तपासायला मी ओले पेपर वापरतो, कॅन नाही, कारण पेपरात गोळीचा रस्ता राहतो, तो बघता येतो. दोन आठवड्यांची रद्दी सुतळीने घट्ट बांधायची, टबात रात्रभर बुडवायची, सकाळी अर्धा तास निथळू द्यायची आणि लगेच वापरायची, वाळली की पुठ्ठ्यासारखी होते आणि निकाल खोटा येतो. पहिल्या वर्षी 25 यार्डावरून मारली आणि घरी गॅरेजमध्ये गठ्ठा पान पान करून सोडवत बसलो. सुरुवातीला भोक गोळीएवढंच, दोन बोटं आत गेल्यावर ते एकदम मोठं झालेलं, कागदाचा लगदा, मग हळूहळू परत बारीक, आणि शेवटी गोळी. चपटी, एका बाजूने फुगलेली, इथल्या एका सेंटच्या नाण्याएवढी रुंद, म्हणजे पाऊण इंच, आणि तिच्यावर कापडाच्या विणीचे ठसे अजून दिसत होते. वजन जवळजवळ सगळंच शाबूत. शुद्ध शिशाची हीच तर गंमत, ती तुटत नाही, पसरते. मी ती आठ दिवस खिशात घेऊन फिरलो, ऑफिसमध्ये दाखवली, लोक घाबरले.

आणि त्या खुशीत मी 100 यार्डाची चाचणी केलीच नाही. त्याच सीझनला एक मादी 110 यार्डावर उभी राहिली, आडवी, छान, आणि मी मारली. लागली. उडी मारून गेली. रक्त दिसलं ते थेंब थेंब, बर्फ होता म्हणून दिसलं तरी, रात्री साडेअकरापर्यंत टॉर्च घेऊन शोधलं, दुसऱ्या दिवशी परत, ओढ्यापलीकडे माग संपला. सापडली नाही. नंतर 100 यार्डावर पेपर लावून बघितलं तर गोळी जेमतेम उघडलेली, डाइमपेक्षाही (दहा सेंटचं नाणं) लहान, म्हणजे आत शिरताना भोक छोटं, पलीकडून बाहेर आलीच नसेल तर रक्त सांडणार कुठून. मी हे आधी बघितलं असतं तर तो बार काढलाच नसता. तेव्हापासून माझ्या फ्लिंटलॉकचं अंतर 60 यार्ड, एक पाऊलही पुढे नाही. तुमचं 70 निघेल, 50 निघेल, ते तुमची नळी, तुमची दारू आणि तुमचे डोळे ठरवणार.

दोन गोष्टी अजून. गोळ्या स्वतः ओतत असाल तर शिसं शुद्ध घ्या, नखाने ओरखडा उठला पाहिजे. गाडीच्या चाकाला लावायचे ते जुने तुकडे वितळवून केलेली गोळी टणक होते, उघडत नाही आणि ठासायलाही जड जाते. आणि नळीचा पीळ, म्हणजे आतल्या खाचा ज्या वळणाने जातात ते, बघा, गोल गोळीला संथ पीळ लागतो, 48 किंवा 66 इंचात एक फेरा, तर साबोवाल्या इनलाइनमध्ये साधारण 28 इंचात एक फेरा असतो. एकाचं सामान दुसऱ्यात घालून "गोळी वाईट आहे" म्हणणारे बरेच भेटतात.

प्रश्न : यूट्यूबवर सगळे जेलीत मारतात. घरी जिलेटिनची जेली करून चालेल का? (न्यू जर्सी)

करता येईल पण वैताग आहे. खरी चाचणीची जेली म्हणजे 10 टक्के जिलेटिन, 4 अंश सेल्सियसला थंड केलेली, आणि वापरण्याआधी तिच्यात छर्‍याच्या बंदुकीतून .177 चा स्टीलचा छर्रा 590 फुटांच्या वेगाने मारून तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो का ते बघावं लागतं, नाही थांबला तर जेली रद्द. ही पद्धत 1980 च्या दशकात अमेरिकन आर्मीचे सर्जन मार्टिन फॅकलर यांनी बसवली. आमच्या फ्रिजमध्ये एकदा वीस पाउंडाचा ठोकळा ठेवला होता तर श्रीखंडाला जागा राहिली नाही आणि ऐन पाडव्याला. बाजारात ती काचेसारखी पारदर्शक तेलाची जेली मिळते, दिसायला झकास, परत वितळवून वापरता येते, पण ती जिलेटिनसारखी वागत नाही, तेव्हा त्यातले इंच जिलेटिनमधल्या इंचांशी जुळवत बसू नका. आणि गोळी जेलीत किती आत जावी याचा तो 12 ते 18 इंचाचा जो आकडा सगळे फेकतात तो एफबीआयचा आहे, पोलिसांच्या पिस्तुलांसाठी. हरणाचा त्याच्याशी संबंध नाही.

दोन गोळ्यांत बरी कुठली एवढंच ठरवायचं असेल तर पाणी आणि रद्दी पुरते. दोन्ही एकाच दिवशी, एकाच अंतरावर, एकाच ढिगात मारा म्हणजे झालं.

प्रश्न : 1857 ची ती चरबीची काडतुसं म्हणजे याच प्रकारच्या बंदुकीची ना? मग त्यात काडतूस कसं? (पुण्याहून, शिक्षक)

सर, बरोबर ओळखलंत, ती ठासणीचीच. 1853 च्या नमुन्याची एनफिल्ड, .577 ची. काडतूस म्हणजे आजचं पितळेचं नव्हे, कागदाची पुडी, एका बाजूला मोजलेली दारू, दुसऱ्या बाजूला गोळी, आणि गोळीकडचा भाग वंगणात बुडवलेला कारण तो नळीत सरकला पाहिजे. शिपायाने दाताने पुडी फाडायची, दारू ओतायची, मग गोळी कागदासकट ठासायची. ते वंगण गाईच्या-डुकराच्या चरबीचं असल्याची बातमी पसरली आणि पुढचं आपण सगळेच शिकलोय.

पण माझ्या विषयाच्या दृष्टीने मजा त्या गोळीत आहे. ती गोल नव्हती, लांबट, बुडाशी पोकळ, फ्रेंच कॅप्टन मिनिए याच्या कल्पनेवरची. नळीपेक्षा जराशी बारीक म्हणून पटकन आत सरकते, बार उडाला की बूड फुगून नळीच्या पिळात घट्ट बसते. म्हणजे ठासायला सोपी आणि तरी पीळ पकडणारी. वजन 530 ग्रेन, सांगितलेल्या हिशोबाने जवळजवळ तीन तोळे. आजही अशा गोळ्या हरणासाठी विकत मिळतात, माझ्याकडे एक साचा आहे.

प्रश्न : नवरा दर वर्षी एक-दोन हरणं आणतो, फ्रीझर भरतो, मी मालवणी मसाला लावून रस्सा करते, मुलं आवडीने खातात. आता मैत्रीण म्हणते त्यात शिसं असतं. खरं का? मुलगी चार वर्षांची आहे. (मिशिगन)

ताई, हा या वेळचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि नवरोबांनी तो विचारायला हवा होता. मैत्रीण खरं बोलतेय. 2008 मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान दिलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले आणि तिथल्या फूड पँट्रींना ते मांस फेकून द्यायला सांगितलं गेलं. त्याच वर्षी मिनेसोटाच्या वन्यजीव खात्याने आधी मारलेल्या मेंढ्यांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून एक्स-रे काढले, त्यात मझललोडरच्याही गोळ्या होत्या. निष्कर्ष असा की वेगवान रायफलच्या पटकन फुटणाऱ्या गोळ्यांनी सगळ्यात जास्त कण सोडले, आणि कण जखमेपासून सरासरी 11 इंच, काही तर 14 इंचापर्यंत लांब गेलेले. बहुतेक एवढे बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली येत नाहीत. आणि मांस धुतलं की ते जात नाहीत, उलट पसरतात, म्हणजे आपण जे पाण्याखाली धरून चोळून चोळून धुतो ना, ते इथे करू नका.

इथेही नवरोबांची चाचणी उपयोगी पडते बघा. त्यांना सांगा कॅनमधून किंवा पेपरातून काढलेली गोळी काट्यावर ठेवा. 250 ची गोळी 245 भरली तर पाच ग्रेन कुठेतरी गेले, 140 भरली तर 110 ग्रेन, म्हणजे सात ग्रॅमच्या वर, कुठे गेले? रानात ते हरणाच्या मांसात जातात. चार वर्षांच्या पोरीला शिशाचा सुरक्षित डोस असा काही नसतो, हे डॉक्टर सांगतातच. तांब्याची गोळी वापरा म्हणावं, पाकळ्यांसारखी उघडते आणि जवळजवळ आहे तशी सापडते, महाग आहे पण एका सीझनला हरणावर गोळ्या लागतात किती, दोन! जखमेच्या आजूबाजूचं मांस हात आखडता न घेता कापून टाका, आणि खिमा तर त्या भागाचा कधीच करू नका, खिम्यात एक कण सगळीकडे जातो. फ्रीझरमध्ये आत्ता जे आहे ते शिशाच्या गोळीचं असेल तर मुलीला आणि पोटुशी बाईला मी तरी देणार नाही.

रश्श्याची रेसिपी मात्र पाठवा.

प्रश्न : पुढच्या वर्षी कोलोरॅडोला एल्कला जायचंय. इथे तपासून पक्की केलेली साबोची गोळीच नेऊ ना? (टेक्सास)

नेऊ नका! कोलोरॅडोच्या मझललोडर सीझनमध्ये साबो चालत नाही, पेलेट चालत नाहीत, दुर्बीणही चालत नाही, आणि एल्कला कमीत कमी .50 हवी. म्हणजे सुटी पावडर, नळीच्या मापाची लांबट गोळी, उघडी माशी (नळीवरचा नेम धरायचा खुंट), सगळं नव्याने तपासायचं. उलट कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही. प्रत्येक राज्याचं पुस्तक वेगळं आणि ते दर वर्षी बदलतं, गोळी विकत घेण्याआधी त्या वर्षीचं पुस्तक वाचा, नंतर नाही. आणि एल्क हे हरणाच्या तिप्पट-चौपट जनावर, इथे मात्र आरपार जाणारी जड गोळी हवी, रुंद उघडण्याचं कौतुक कमी करा.

प्रश्न : एच-वन-बीवर आहे. मला मझललोडर घेता येते का? (डलास)

संघीय कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला मनाई आहे पण वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट आहे, आणि साधी काळ्या दारूची मझललोडर तर त्या कायद्यात "फायरआर्म" मध्येच धरत नाहीत. पण राज्यांचे नियम वेगळे असू शकतात आणि व्हिसाचा मामला आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत उभं असताना माझ्यासारख्याच्या कॉलमवर विसंबू नका, वकिलाला शंभर-दोनशे डॉलर द्या. हंटर एज्युकेशनचा कोर्स तोवर करून टाका, तो कुठेही वाया जात नाही.

प्रश्न : आमच्या घरी माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. आजोबा गेले. डुकरं भातात धुडगूस घालतात. तुमचं वाचून वाटलं, पाण्याचे कॅन लावून बघावं, अजून मारते का. (सिंधुदुर्ग)

नको. हात जोडून सांगतो, नको. मी कुडाळकडचाच, आमच्याही घरी होती, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायला काका खांद्यावर टाकून जायचे आणि निकालानंतर परत आणायचे, गावातल्या सगळ्या बंदुका एका दिवशी ओसरीवर रांगेने. तेव्हा तुमची ओढ मला कळते. पण वर मी जे काही लिहिलंय ते इथल्या नव्या, तपासलेल्या नळ्यांबद्दल आणि इथल्या कायद्यातलं.

परवाना माणसाच्या नावावर असतो, बंदुकीच्या नाही. आजोबा गेल्यावर ती तशीच घरात ठेवणं बेकायदा आहे, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. 1959 च्या शस्त्र कायद्यात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा खास उल्लेख आहे, म्हणजे रस्ता आहे, फक्त तो माळ्यावरून जात नाही. आणि परवाना मिळाला तरी डुकरावर बार काढायचा हक्क मिळत नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते. नुकसानभरपाईचा अर्जही वनखात्याकडेच.

दुसरं म्हणजे ती नळी. कोकणातला पाऊस, माळ्यावरचा धूर, शेवटचा बार काढल्यावर गरम पाण्याने धुतली होती की नाही कुणास ठाऊक. काळ्या दारूची राख ओल शोषते आणि आतून लोखंड खाते, बाहेरून तेल पुसलेली चकचकीत नळी आतून पोखरलेली असू शकते.

आणि सगळ्यात आधी, ती भरलेली आहे का? आमच्याकडची जुनी माणसं बार भरून ठेवायची आणि विसरायची. चापाकडे बोटही नेऊ नका, निपलवर (जिच्यावर केप बसते ती छोटी नळी) केप असेल तर हातोडी अंगठ्याने पक्की धरून, जराशी मागे घेऊन केप अलगद काढा, हे जमेल असं वाटत नसेल तर जाणत्या माणसाला बोलवा. मग नळीचं तोंड बाहेर, मोकळ्या बाजूला, स्वतःचं डोकं तोंडासमोर न आणता, गज हळूच आत सोडा आणि अडला की नळीच्या तोंडाशी पेन्सिलीने खूण करा. गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून धरा, खूण नळीच्या तोंडाशी. गजाचं दुसरं टोक निपलपर्यंत पोचलं तर रिकामी आहे. दोन-चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत आजोबांचा बार अजून बसलाय, मग उकरायचा नाही, तापवायचा नाही, तेल ओतून बघायचं नाही. बंदूक आहे तिथेच तशीच ठेवा, पोरांना खोलीबाहेर काढा आणि ठाण्यात फोन करून "भरलेली आहे" हे शब्द सांगून मग काय करायचं ते त्यांनाच विचारा.